सेकंडहँड कनेक्टेड गाडी, ९ महिन्यांनंतर: आरसी माझ्या नावावर, ॲप आधीच्या मालकाच्या

गाडी एप्रिलमध्ये घेतली, आता ९ महिने आणि ११ हजार किमी झाले. ॲव्हरेज, सस्पेन्शन, बूट स्पेस यावर सगळ्यांनी आधीच लिहून ठेवलंय, डिझेल आहे, हायवेला १८ देते, सिटीत १३, मागे तिघं बसले की मधल्याचे हाल होतात, एवढं पुरे. मला लिहायचंय ते गाडीत कंपनीने बसवलेल्या ई-सिमबद्दल, म्हणजे गाडीची माहिती इंटरनेटवरून कंपनीला आणि तिच्या ॲपला पाठवणाऱ्या सिमबद्दल. कंपनीचं नाव देत नाही कारण तक्रार अजून चालू आहे.

गाडी २ वर्षं वापरलेली, कोल्हापूरच्या एका गृहस्थांकडून घेतली, आम्ही पुण्यात. आरसी ट्रान्सफर, इन्शुरन्स, फास्टॅग सगळं करून घेतलं. कंपनीचं ॲप मात्र मुद्दाम टाकलं नाही. माझा समज असा की आपण ॲपच घेतलं नाही म्हणजे आपला डेटा कुठे जातच नाही. हा समज साफ चुकीचा निघाला, म्हणूनच एवढं लिहितोय.

गणपतीत चिपळूणला सासुरवाडीला गेलो होतो, गाडी अंगणात लावलेली. रात्री साडेदहाला कोल्हापूरहून फोन, "साहेब, सनरूफ उघडं राहिलंय, गाडी चिपळूणला दिसतेय, तिकडे पाऊस असेल, बघून घ्या." धावत गेलो, खरंच उघडं होतं, दहा मिनिटांनी सर आली. मनापासून आभार मानले त्यांचे. आत आलो तर बायकोने एकच विचारलं, "आपण चिपळूणला आहोत हे त्यांना कसं कळलं?"

त्यांनी काहीच लपवलं नाही. ॲप त्यांच्या मोबाईलमध्ये तसंच होतं, नोटिफिकेशन येत होत्या, आणि उघडलं तर गाडी आत्ता कुठे आहे, कालच्या ट्रिपा, किती वाजता निघाली, रात्री कुठे उभी होती, जोरात ब्रेक कितीदा मारला, सगळं दिसत होतं. पाच महिने. मुलीची शाळा, माझं ऑफिस, आईची डायलिसिसची जागा. दार उघडायला पिन लागतो, लोकेशन बघायला लागत नाही! माणूस सज्जन म्हणून निभावलं, पण मी सज्जन माणसाकडून गाडी घेतली हा नशिबाचा भाग झाला.

ते म्हणाले काढून टाकतो. पण ॲपमधून गाडी काढायला पिन हवा, पिन विसरलेला, नवीन पिनचा ओटीपी त्यांच्या बंद झालेल्या जुन्या नंबरवर. मग सर्व्हिस सेंटरला गेलो. त्यांनी स्क्रीन फॅक्टरी रीसेट करून दिली, आधीच्या मालकाचे शेकडो फोन नंबर त्यात अजून होते ते उडाले, मी खूश, आणि संध्याकाळी कोल्हापूरहून मेसेज की गाडी अजून दिसतेय. कारण अकाउंट स्क्रीनमध्ये नसतंच, ते कंपनीच्या सर्व्हरवर चॅसिस नंबरला जोडलेलं असतं. हे सर्व्हिस ॲडव्हायझरला माहीत नव्हतं, मला फोनाफोनी करून कळलं.

कॉल सेंटरला आरसी तीनदा मेल केली. उत्तर तेच, "रजिस्टर्ड ओनरकडून रिक्वेस्ट यायला हवी." अहो आरटीओच्या रेकॉर्डला ओनर मी आहे! पण त्यांच्यालेखी ओनर म्हणजे ॲपमध्ये ज्याचं अकाउंट तो. शेवटी त्या गृहस्थांनी स्वतः सही केलेलं पत्र कुरिअरने पाठवलं, दोघांची ओळखपत्रं लावली, आणि नोव्हेंबरात अकाउंट माझ्याकडे आलं. ११ आठवडे.

या काळात प्रायव्हसी पॉलिसी पूर्ण वाचली आणि बाहेर काय चाललंय तेही वाचलं. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०२३ मध्ये २५ कार ब्रँड प्रायव्हसीसाठी तपासले, एकही पास झाला नाही. अमेरिकेत जनरल मोटर्स लोकांच्या ब्रेक आणि स्पीडचा डेटा लेक्सिसनेक्सिस, व्हेरिस्क अशा लोकांचा डेटा गोळा करून विकणाऱ्या कंपन्यांना देत होती, तिथून तो इन्शुरन्सवाल्यांकडे जायचा आणि काहींचा हप्ता वाढला, लोकांना पत्ता नाही. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) जानेवारी २०२५ मध्ये कारवाई जाहीर केली, अशा एजन्सींना हा डेटा ५ वर्षं द्यायचा नाही. फोक्सवॅगन ग्रुपच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांचा डेटा क्लाउडवर उघडा पडलेला २०२४ च्या शेवटी सापडला, त्यातल्या साडेचार लाखांहून जास्त गाड्यांचं तर नेमकं लोकेशन.

हे वाचून ठरवलं होतं की ई-सिमचं ते युनिटच बंद करायचं. इलेक्ट्रिशियनने सांगितलं की माझ्या गाडीत ते बंद केलं तर अडचणीत मदत मागायचं एसओएस बटणही मरेल. तरी करणार होतो. मग डिसेंबरात बायको एकटी नाशिकहून येत होती, चंदनापुरी घाटाच्या अलीकडे गाडी बंद पडली, तिच्या मोबाईलची बॅटरी संपत आलेली, मी ॲपवर लोकेशन बघून टोइंगवाल्याला बरोबर जागेवर पाठवलं. तेव्हापासून माझं मत बदललं. सोय खरी आहे आणि सबस्क्रिप्शन संपलं की मी पैसे भरून रिन्यू करणार. पण पैसे माझे, गाडी माझी, तर माहिती कोणाला दिसते ते ठरवायचा हक्कही माझाच पाहिजे. युरोपात १२ सप्टेंबर २०२५ पासून डेटा ॲक्ट लागू झालाय, गाडीतून तयार झालेला डेटा मालक मागू शकतो आणि आपल्या पसंतीच्या गॅरेजलाही द्यायला लावू शकतो. आपल्याकडे २०२३ चा डीपीडीपी, म्हणजे लोकांच्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण आपला डेटा कोणाकोणाला दिला हे विचारायचा हक्क प्रत्यक्षात मे २०२७ मध्ये लागू होणार. तोवर कंपनीची मर्जी.

सेकंडहँड घेणाऱ्यांनो, शेवटचा हप्ता द्यायच्या आधी समोरच्याला तुमच्यासमोर ॲप उघडून गाडी काढायला लावा, आणि ती त्याच्या यादीतून गेलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आरसी ट्रान्सफरने हे आपोआप होत नाही. विकणाऱ्यांनीही करा, तुमच्या घरचा पत्ता नेव्हिगेशनमध्ये तसाच असतो.

अकाउंट मिळाल्यावर मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला दोन प्रश्न पाठवले. एप्रिल ते नोव्हेंबरच्या माझ्या ट्रिपा जुन्या अकाउंटवरून पुसल्या का, आणि त्या अजून कोणाला दिल्या का. ३० दिवसांनी उत्तर आलं, त्यात प्रायव्हसी पॉलिसीची लिंक होती. मी तेच दोन प्रश्न परत पाठवलेत, आज १२ दिवस झाले.