एक चूल की दोन चुली?

सोलापुरात दोन भाऊ एका घरात राहिले, की कुरबुर बहुधा चुलीपासूनच सुरू होते.

एकत्र चुलीत ज्वारी पोत्यानं येते, गॅस वाचतो. बिघडतं ते तोंडी हिशेबामुळे. म्हणून 5 तारखेला माणशी ठरलेली रक्कम डब्यात, लहान पोर अर्धं धरायचं, खर्च वहीत. भाकऱ्या एकाच जावेच्या गळ्यात पडतात. सकाळ-संध्याकाळ वाटून घ्या, आठवड्यानं पाळी बदला. (भावांनाही भाकरी थापता येते!)

वेगळ्या चुलीत डोकं शांत. पण नळाला काही दिवसांआड पाणी आणि हौद मात्र एकच. मोटर कोण लावणार, हौद कोण धुणार, हे आधीच ठरवा. विजेला सबमीटर बसवा. आई-वडिलांची महिन्यावारी वाटणी नको, कुठं जेवायचं ते त्यांनाच विचारा.

पोरं लहान असतील तर एकत्र चूलच सोयीची.