गारपिटीनंतरचं छप्पर: दर चोख, माप खोटं

गारपिटीनंतर छप्पर बदलताना बहुतेक घरमालक दरावर घासाघीस करतात आणि तिथे जिंकतातही. पण फसवणूक दरात नसतेच. ती असते क्षेत्रफळात, पत्र्याच्या जाडीत, स्क्रूंच्या संख्येत आणि जुन्या पत्र्याच्या भंगारात. या चारही गोष्टी कोटेशनच्या एका ओळीत गडप होतात: 'जुने छप्पर काढून नवीन कलर कोटेड पत्रा बसवून देणे, मजुरीसह, प्रति चौरस मीटर अमुक.' खाली ज्या कामाचा हिशेब मांडला आहे, त्याचं कोटेशन हुबेहूब असंच होतं. दर इतरांपेक्षा किंचित कमी होता आणि तिथेच विश्वास बसला.

घर साधं, दुपाखी. वळचणीसकट लांबी ११ मीटर, रुंदी ९ मीटर, उतार २० अंशांचा, परलिन (पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या दांड्या) १.२ मीटर अंतरावर. वर जुना गॅल्व्हनाइज्ड पन्हळी पत्रा, ०.६३ मिमी जाडीचा. गारांनी त्याला पोचे पाडले होते आणि आढ्याजवळ दोन ठिकाणी पाणी येत होतं. ठेकेदार वर चढला, फोटो काढून खाली उतरला आणि म्हणाला, "सगळं छप्पर गेलंय, पावसाळा निघणार नाही."

पहिली गडबड इथेच आहे. लोखंडी पत्र्याला पोचा पडला म्हणजे पत्रा निकामी झाला असं नाही. पोच्याच्या कडेला जस्ताचा किंवा रंगाचा थर तडकला असेल, पत्र्यांचा जोड उघडला असेल किंवा स्क्रूभोवतीचं भोक ओढलं जाऊन लांबट झालं असेल, तरच ते खरं नुकसान. नुसता पोचा दिसायला वाईट असतो, गळत नाही. या घरात गळती होती ती आढ्याच्या टोपीचे स्क्रू सैल झाल्यामुळे. टोपी बदलून आणि वॉशर नवे घालून भागलं असतं. सिमेंटच्या पत्र्याची गोष्ट वेगळी. तो वाकत नाही, तडकतो, आणि तडा बऱ्याचदा वरून दिसतच नाही. घरात अंधार करून खालून पाहिलं तर उजेडाची रेघ दिसते. तडा ताजा असेल तर आतली कड स्वच्छ असते, जुना असेल तर काळी पडलेली किंवा शेवाळलेली. कौलांनाही हीच खूण लागू पडते.

छपरावर मुद्दाम हातोडी मारून 'गारांचे' पोचे पाडण्याचाही प्रकार चालतो. गारा सगळ्या एका मापाच्या पडत नाहीत, म्हणून त्यांचे पोचे लहानमोठे, उथळ, गोलसर आणि विखुरलेले असतात. वाऱ्याच्या दिशेच्या पाखीवर ते जास्त दिसतात आणि पन्हाळ, पाण्याची टाकी, खिडकीवरचा पत्रा यांवरही त्यांच्या खुणा सापडतात. हातोडीचे ठोके एकसारख्या मापाचे, हात पोचेल तिथेच, आणि कडेला रंग खरवडलेला. छपरावर पन्नास पोचे आणि शेजारच्या पन्हाळीवर एकही नाही, असं असेल तर शंका घ्यावीच. ठेकेदार वर चढण्याआधी आपले स्वतःचे फोटो काढून ठेवणं हा साधा उपाय आहे, पण गडबडीत तो कुणालाच सुचत नाही.

आता क्षेत्रफळ. बिलात १३० चौरस मीटर लावले होते. खरा आकडा असा निघतो: अर्धी रुंदी ४.५ मीटर, २० अंशांचा कोसाइन ०.९४, त्याने भागलं की एका पाखीची तिरकी लांबी ४.७९ मीटर. दोन पाखी, ११ मीटर लांबी, म्हणजे १०५.४ चौरस मीटर. मग १३० आले कुठून? वापरलेल्या पत्र्याची एकूण रुंदी १०७० मिमी, पण शेजारच्या पत्र्यावर चढल्यानंतर तो झाकतो १००० मिमी. एका पाखीला ११, असे २२ पत्रे, प्रत्येकी ४.८ मीटर लांब. ठेकेदाराने १०७० मिमी रुंदी धरून ११३ चौरस मीटर काढले. जोड त्यात आलाच. त्यावर 'ओव्हरलॅप आणि वेस्टेज' म्हणून १५ टक्के पुन्हा चढवले. एकाच जोडाचे पैसे दोनदा, आणि मूळ मापावर २३ टक्के वाढ. पत्रे मापाप्रमाणे कापून मागवले असतील तर साध्या दुपाखी छपरात वाया जाण्यासारखं जवळपास काही उरत नाही. चौपाखी किंवा कोन असलेल्या छपरात तिरपे काप पडतात, तिथे १० टक्क्यांची मागणी रास्त ठरू शकते. म्हणून करारात एकच वाक्य घालावं: मोजमाप बसवलेल्या छपराच्या तिरक्या पृष्ठभागाचं होईल, जोड आणि वाया जाणारा माल दरातच धरलेला आहे.

जाडीचा डाव यापेक्षा सफाईदार असतो. कोटेशनमध्ये ०.५० मिमी होतं, बसवला ०.४०. उघड्या डोळ्यांना हा फरक कळत नाही. रंग तोच, चकाकी तीच, वरच्या प्लास्टिकवर छापही जवळपास तसाच. पण वजन खोटं बोलत नाही. पोलादाचा १ मिमी जाडीचा १ चौरस मीटर तुकडा ७.८५ किलोचा असतो. हा पत्रा वळवण्याआधी १२२० मिमी रुंद पट्टीचा होता, म्हणजे दर मीटर लांबीला १.२२ चौरस मीटर धातू. आणि ०.५० मिमीत सगळं पोलाद नसतं. दोन्ही बाजूंच्या जस्त-अॅल्युमिनियमच्या थराचे मिळून साधारण ०.०४ मिमी आणि रंगाचे तेवढेच गेले, की आतला पत्रा ०.४२ च्या आसपास उरतो. थर आणि रंगाचं वजन मिळवून अशा पत्र्याचं वजन दर मीटरला सुमारे ४.२५ किलो भरतं. एकूण ०.४० मिमीच्या पत्र्याचं भरतं सुमारे ३.३ किलो. थराचं प्रमाण बदललं तर हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण एका किलोचा फरक त्यात लपत नाही.

या घरात ४.८ मीटरचा एक पत्रा २०.४ किलोंच्या आसपास भरायला हवा होता, भरला १५.८. बावीस पत्र्यांत शंभर किलो माल कमी. माल उतरण्याआधी गाडी वजनकाट्यावर नेली असती तर तेव्हाच कळलं असतं. तेवढं जमत नसेल तर कापून उरलेला एक मीटर लांबीचा तुकडा साध्या काट्यावर ठेवला तरी पुरतं. मायक्रोमीटर (जाडी मोजायचं बारीक साधन) असेल तर कडेपासून थोडं आत, सपाट भागावर, तीन-चार ठिकाणी मोजावं. कापलेल्या कडेवर धातूची धार उभी राहते आणि माप फुगून येतं, ठेकेदार नेमकं तिथेच मोजून दाखवतात.

हिशेब विचारल्यावर उत्तर आलं, "०.५० म्हणजे रंगासकट." बरं, रंगासकटच धरू, वरचा हिशेब तसाच केला आहे. तरी माल ०.४० चाच निघतो. पण या शब्दांच्या खेळासाठी कोटेशनमध्ये दोन आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत: एकूण जाडी आणि रंग-थराशिवायची मूळ पोलादाची जाडी. थर किती ग्रॅमचा तेही लिहावं. जस्त-अॅल्युमिनियमचा १५० ग्रॅम प्रति चौरस मीटर म्हणजे दोन्ही बाजू मिळून, एका बाजूला ७५. गेजमध्ये, म्हणजे मिलिमीटरऐवजी जाडीच्या क्रमांकात, लिहिलेलं कोटेशन तर घेऊच नये. गेजचे तक्ते एकापेक्षा जास्त आहेत आणि वाद झाला की ठेकेदार सोयीचा तक्ता काढतो.

पातळ पत्र्याने बिघडतं काय? परलिनच्या मध्ये पाय पडला की तो कायमचा दबतो, दबल्या जागी पाणी साचतं, जोड उघडतो. आणि पुढच्या गारपिटीत त्याला जास्त खोल पोचे पडतात. गारेचा व्यास दुप्पट झाला की तिची पडतानाची ऊर्जा साधारण सोळा पट होते, कारण वजन आठ पट वाढतं आणि वेगही वाढतो. गारपिटीला वैतागून नवं छप्पर करायचं आणि ०.६३ मिमीच्या जागी ०.४० मिमीचं बसवून घ्यायचं, हा व्यवहार किती उलटा आहे हे कुणीतरी घरमालकाला आधी सांगायला हवं होतं.

स्क्रूंचा हिशेब कुणीच करत नाही. या छपराला एका पाखीत पाच परलिन. वळचणीच्या आणि आढ्याच्या परलिनवर पत्र्याच्या प्रत्येक माथ्याला (पन्हळीच्या उंचवट्याला) एक स्क्रू, मधल्या तीन परलिनवर एकाआड एक. माथे २०० मिमी अंतरावर, म्हणजे मीटरला ५. गणित केलं तर दर मीटर लांबीला १७.५ आणि दोन पाखींना मिळून ३८५ स्क्रू. टोपीचे आणि पत्र्याला पत्रा जोडणारे वेगळे. प्रत्यक्षात सगळीकडे एकाआड एकच मारले होते, म्हणजे २७५. कमी पडलेले ११० नेमके वळचणीला आणि आढ्याला, जिथे वारा छप्पर सर्वांत जोरात उचलतो. पत्रे उडतात ते याच कडांपासून.

स्क्रूचा दर्जाही तपासावा. माथ्यावर मारायचा स्क्रू साधारण ५५ मिमी लांबीचा लागतो, कारण त्याला पत्र्याची उंची ओलांडून परलिनमध्ये शिरायचं असतं. आखूड स्क्रू परलिनला जेमतेम टेकतो. वॉशर ईपीडीएम या उन्हापावसात टिकणाऱ्या कृत्रिम रबराचा हवा. कडक, चकचकीत, प्लास्टिकसारखा वॉशर उन्हात लवकर तडकतो. आवळणंही बेताचं लागतं. रबर धातूच्या कडेला जरासं फुगून दिसलं की थांबायचं. पार चिरडून बाहेर आलं तर ते काही महिन्यांत फाटतं आणि सैल राहिलं तर पहिल्याच झडीला गळतं.

याच कामात पत्रे ग्राइंडरने कापले होते. ग्राइंडरच्या उष्णतेने कडेचा थर जळतो आणि ठिणग्या आजूबाजूच्या रंगात रुतून बसतात. पाऊस पडला की तिथे तपकिरी ठिपके उमटतात. ठेकेदार म्हणतो कंपनीचा माल खराब. कंपनी म्हणते चुकीच्या पद्धतीने कापलेल्या कडांना हमी लागू नाही. पत्र्याची कात्री किंवा निबलर (पत्रा ठिणग्यांशिवाय कुरतडत कापणारं यंत्र) वापरायचा आणि रोज संध्याकाळी लोखंडी कीस मऊ झाडूने काढायचा, एवढं लिहून घेतलं तर हा वादच उरत नाही.

भंगाराचा विषय ठेकेदार सहसा स्वतःहून काढत नाही. उलट 'जुना पत्रा काढून वाहून नेणे' अशी रक्कम बिलात लावतो. या घराचा जुना पत्रा सहाशे किलोंच्या वर होता, म्हणजे नव्यापेक्षा कितीतरी जड. तो नेण्याचे पैसे घरमालकानेच दिले आणि विकण्याचे पैसे ठेकेदाराने घेतले. भंगार वजन करून बिलातून वजा, असं आधीच ठरवावं. जुना पत्रा सिमेंटचा असेल तर मात्र त्याला भंगाराची किंमत नाही, आणि त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. तो फोडायचा नाही, कोरडा झाडायचा नाही. ओला करून, अख्खा, स्क्रू सोडवून उतरवायचा आणि त्याची विल्हेवाट नियमाप्रमाणे लावायची. 'फुकट नेतो' म्हणणारा तो बहुधा कुठल्यातरी ओढ्यात टाकतो.

सिमेंटच्या जागी लोखंडी पत्रा घालताना आणखी एक धोका आहे. सिमेंटचा पत्रा चौरस मीटरला साधारण १३-१४ किलोंचा, लोखंडी ४-५ किलोंचा. जुनं छप्पर बरंचसं स्वतःच्या वजनाने बसलेलं असतं. नवं हलकं झालं की कैचीचे (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याचे) भिंतीतले बोल्ट आणि परलिनचे जोड यांवर वाऱ्याचा ताण येतो. 'परलिन आहेत तेच चालतील' हे ऐकून बरं वाटतं, पण बोल्ट गंजले आहेत का हे पाहिल्याशिवाय ते मान्य करू नये. जुन्यावरच नवा पत्रा ठोकून 'काढून बसवणे' असं बिल लावणारेही आहेत. वळचणीकडून खाली वाकून पाहिलं की दोन थर दिसतात.

विम्याबद्दल थोडक्यात. 'सगळं विम्यातून निघेल, तुमच्या वाट्याची रक्कमही आम्ही सोडतो' असं म्हणणारा ती रक्कम बिल फुगवूनच काढतो, आणि खोट्या दाव्याखाली सही तुमची असते. विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत छप्पर उतरवू नये. पाणी आत येत असेल तर ताडपत्री बांधावी, तिचं बिल आणि फोटो ठेवावेत. पॉलिसी घसारा वजा करून पैसे देणारी आहे की नव्या छपराची किंमत देणारी, हे ठेकेदाराला विचारू नये, पॉलिसीत वाचावं. कोऱ्या कागदावर सही तर नाहीच.

पैसे मालाच्या आणि कामाच्या टप्प्यांनी द्यावेत: माल उतरून वजन झाल्यावर एक हप्ता, जुना पत्रा उतरून परलिन तपासल्यावर दुसरा, काम संपल्यावर तिसरा, आणि निदान दहा टक्के पाण्याची चाचणी होईपर्यंत हातात. चाचणी पाइपने करायची, वळचणीपासून सुरुवात करून एकेका पट्ट्यावर दहा-दहा मिनिटं पाणी सोडत वर आढ्याकडे जायचं. वरून सुरुवात केली तर गळती कुठल्या जोडाची ते कळत नाही.

या घरमालकाच्या हातात शेवटचा हप्ता शिल्लक होता, म्हणून बोलणी तरी झाली. क्षेत्रफळ १०५.४ वर आलं, ११० स्क्रू मारून घेतले, भंगाराची रक्कम वळती झाली, पत्र्याला ०.४० मिमीचाच दर लावून फरक कापला गेला. पत्रा मात्र बदलून मिळाला नाही, कारण उतरवलेल्या पत्र्याची भोकं नव्या जागी जुळत नाहीत आणि ठेकेदार तो परत घ्यायला तयार नव्हता. त्यामुळे त्या छपरावर आता कुणीही चढायचं असेल, मग तो डिश बसवणारा असो की रंगारी, तर परलिनच्या रेषेत फळ्या टाकूनच, आणि सोलर पॅनेलची चौकट बसवायची झाली तर तिचे पाय पत्र्यावर टेकवायचे नाहीत, थेट परलिनला बांधायचे.