स्लीव्ह करून १४ महिने झाले: गुडघे सुटले, छाती धरली

आधी आकडे सांगतो, ज्यांना तेवढेच हवेत ते इथूनच परत जाऊ शकतात. वय ४४, उंची १७१ सेंटिमीटर. ऑपरेशनच्या दिवशी वजन १२४ किलो, आज सकाळी ८६. बीएमआय ४२ च्या वर होता, आता साधारण २९. रक्तदाबाच्या दोन गोळ्यांतली एक बंद झाली. झोपेत श्वास अडकू नये म्हणून तोंडाला लावायचं सीपॅप मशीन कपाटात वरच्या फळीवर गेलं. ऑपरेशन वजन उतरवायचं, स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीचं, दुर्बिणीतून केलेलं.

लोक मला तीन प्रश्न विचारतात. फायदा झाला का? झाला. पुन्हा करशील का? करेन. हेच करशील का? इथे माझी गाडी अडते, आणि हे सगळं लिहायला बसलोय ते या तिसऱ्या प्रश्नामुळेच.

पहिल्या भेटीत सर्जननी कागदावर पोटाची चित्रं काढून दाखवली. जठराभोवती आवळायच्या बँडचा विषय अर्ध्या मिनिटात संपला, "आता सहसा कुणाला लावत नाही" म्हणाले. स्लीव्हमध्ये जठराचा बाहेरच्या बाजूचा ७५ ते ८० टक्के भाग स्टेपल मारून कापायचा आणि काढून टाकायचा, मागे केळ्याच्या आकाराची नळी उरते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची छोटी पिशवी करायची, लहान आतडं कापून तिला जोडायचं, आणि खाली आतड्याला आतडं जोडायचं, म्हणजे दोन जोड. मिनी बायपासमध्ये लांबट पिशवी आणि एकच जोड, पण त्यात पित्तरस वर चढण्याची शक्यता. (आपण आम्लालाही पित्त म्हणतो आणि यकृतातून येतं त्यालाही पित्तच, त्यामुळे घरी समजावून सांगताना माझी पुरती फजिती झाली.)

मी हिशोब कसा केला? जोड मोजले. स्लीव्हमध्ये शून्य, मिनी बायपासमध्ये एक, बायपासमध्ये दोन. आतड्याला हात लागणार नाही म्हणजे स्लीव्ह सगळ्यात साधं, असा निकाल मी घरी पोचायच्या आतच लावला होता. आता वाटतं, हा हिशोब उलटाही मांडता आला असता. स्लीव्हमध्ये कापलेला भाग शरीराबाहेर जातो, तो परत येत नाही. बायपासमध्ये जुनं जठर बाजूला पडतं, पण आतच राहतं, आणि अगदीच वेळ आली तर पुन्हा जोडता येतं. स्लीव्ह मुळात ड्युओडिनल स्विच नावाच्या मोठ्या ऑपरेशनचा पहिला टप्पा होता, फार जड माणसांना दोन टप्प्यांत करायचे. पहिल्याच टप्प्यात वजन चांगलं उतरतंय हे दिसल्यावर ते स्वतंत्र ऑपरेशन झालं. 'लहान' या शब्दानं मी भुललो, हे कबूल.

पण नुसतं भुललो असंही नाही. दुसरं कारण खणखणीत होतं: गुडघे. आठवड्यातून तीन-चार दिवस डायक्लोफेनॅकशिवाय माझा जिना उतरत नव्हता. बायपासनंतर पिशवी आणि आतड्याच्या जोडावर अल्सर होऊ शकतो आणि या जातीच्या वेदनाशामक गोळ्या त्याला आमंत्रण देतात, म्हणून त्या जवळजवळ कायमच्या बंद कराव्या लागतात. स्लीव्हमध्ये त्या मानानं मोकळीक असते. सर्जननीच हे सांगितलं. गुडघे असे असताना मी बायपास कसा घेणार? झालं, ठरलं.

आता माझी चूक. तपासणीच्या आधी एक फॉर्म भरायचा होता. त्यात 'छातीत जळजळ' समोर मी लिहिलं, 'कधीतरी'. खरं उत्तर होतं, गोळी चुकली की दुसऱ्या दिवशी. पण गोळी मी चुकवतच नव्हतो. रोज सकाळी पॅन्टोप्राझोल ४०, चार वर्षं, दात घासण्याइतकी सवयीची. सवयीच्या गोष्टीला कुणी आजार म्हणतं का? मी नाही म्हटलं. चालू औषधांच्या यादीत रक्तदाबाची लिहिली, ही मात्र तिथेही राहिली. मग एंडोस्कोपी झाली आणि अन्ननलिका स्वच्छ निघाली. मला केवढा आनंद! चार वर्षं रोज आम्ल दाबणारी गोळी घेतल्यावर आतली सूज भरून येणारच, ती दिसणार कुठून, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. ज्यांना येऊ शकलं असतं त्यांना मी गोळीचं सांगितलंच नव्हतं.

ऑपरेशन आणि नंतरचा महिना यावर फार लिहीत नाही. आधी दोन आठवडे यकृत आक्रसावं म्हणून कमी उष्मांकाचा पातळ आहार, तो ऑपरेशनपेक्षा जड गेला. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. दुसऱ्या दिवशी नर्सनी औषधाच्या बाटलीवर असतो तसला ३० मिलीचा प्लास्टिकचा कप भरून पाणी दिलं आणि म्हणाल्या, "सावकाश, घाई नाही." पहिला घोट गिळला. तो छातीच्या मधोमध थांबला. खरंच थांबला, आत कुणीतरी मूठ आवळावी तसा. मग गुडगुड असा आवाज झाला, तो शेजारच्या खाटेवर ऐकू गेला असेल, आणि घोट खाली सरकला. तो एक कप संपवायला मला वीस मिनिटं लागली. आयुष्यभर उभ्या उभ्या तांब्या रिकामा करणारा माणूस मी. चौथ्या रात्री बाथरूममध्ये नळ सोडून रडलो, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. हे काय करून बसलो, एवढंच डोक्यात.

तो पस्तावा सहा आठवड्यांत गेला. तो बऱ्याच जणांना येतो आणि ऑपरेशन कुठलंही असो, येतो. ताईलाही आला होता. ताई म्हणजे माझी मावसबहीण, तिचा बायपास तीन वर्षांपूर्वी झालाय. ती तेव्हा फोनवर म्हणाली होती, "अरे, पहिल्या महिन्यातलं रडणं मोजायचं नसतं." तिचं बरोबर होतं. मला पुढे जो आला तो वेगळा.

मधले महिने सुखाचे होते. भूक अशी गेली की जेवायची आठवण मोबाइलवर लावावी लागे. जठराच्या कापलेल्या भागात भुकेचं घ्रेलिन हार्मोन बनतं, त्याचा हा परिणाम. नवव्या महिन्याच्या आसपास भूक परतली, पण पूर्वीसारखी अंगावर येत नाही, दारात उभी राहून विचारते. चौथ्या महिन्यात केस गळू लागले, उशीवर, साबणावर, कॉलरवर. आठव्या महिन्यात थांबले. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने गोळी होती, खडे झाले नाहीत. प्रोटीन दिवसाला ६० ते ८० ग्रॅम आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही, हे दोन नियम अजून पाळतो, पहिला रडतखडत.

आणि गुडघे! तिसऱ्या महिन्यात एकदा जिना उतरून खाली आलो आणि लक्षात आलं की कठड्याला हातच लावला नाही. डायक्लोफेनॅकची शेवटची पट्टी अजून ड्रॉवरमध्ये आहे, चार गोळ्या शिल्लक, तारीख उलटून गेलेली.

म्हणजे बघा, ज्या गुडघ्यांसाठी मी बायपास नाकारला, त्या गुडघ्यांना आता गोळीच लागत नाही. ज्या जळजळीला मी 'कधीतरी' म्हटलं, ती मात्र मुक्कामाला आली. माझं सगळं दुखणं एवढंच आहे. १२४ किलोच्या माणसाच्या तक्रारी बघून मी ऑपरेशन निवडलं, आणि ते घेऊन जगतोय ८६ किलोचा माणूस.

सुरुवात पाचव्या महिन्यात झाली. रात्री दोनच्या सुमाराला खाडकन जाग आली, घशात तिखट आंबट पाणी, नाकापर्यंत चढलेलं, आणि श्वास अडकलेला. उठून बसलो, खोकत राहिलो, बायको पाठ चोळत होती. सकाळी आवाज बसलेला. आधी आठवड्यातून एकदा, मग तीनदा. पॅन्टोप्राझोल सकाळ-संध्याकाळ झालं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे आले, रात्रीचं जेवण सातच्या आत आलं. दहाव्या महिन्यात एंडोस्कोपी केली, यावेळी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला लाल ओरखडे होते. ग्रेड बी, म्हणजे चार पायऱ्यांतली दुसरी.

असं का होतं, ते सर्जननी नीट समजावलं, आणि यावेळी मीही नीट ऐकलं. आधीचं जठर ऐसपैस पिशवी होती, वरच्या घुमटात अन्न आणि हवा मावायची. स्लीव्हमध्ये तो घुमटच जातो. उरते अरुंद नळी, आणि तिच्या खालच्या तोंडाशी झडप जशीच्या तशी. आत दाब वाढतो आणि त्याला जायला मोकळी वाट वरची. अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथला कोनही ऑपरेशनमध्ये सरळावतो, तोही दाराची कडीच होता. बायपासच्या छोट्या पिशवीत आम्ल जेमतेम बनतं आणि खाली झडप नसते, म्हणून जळजळ जुनी असेल तर सहसा बायपासकडे कल असतो. ते म्हणाले, "रोजची गोळी माहीत असती तर मी तुमच्याशी वेगळं बोललो असतो." आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

गंमत म्हणजे हे मी वाचलेलं होतं. फिनलंडमध्ये स्लीव्हपास नावाचा अभ्यास झाला, २४० जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं स्लीव्ह आणि बायपासमध्ये वाटून दहा वर्षं पाठपुरावा केला, निकाल २०२२ मध्ये आले. ऑपरेशनच्या आधी मी त्यातला वजनाचा आकडा तेवढा पाहिला: जादा वजनातलं स्लीव्हमध्ये ४३.५ टक्के उतरलेलं, बायपासमध्ये ५०.७. म्हटलं, एवढ्याशा फरकासाठी आतडं कोण कापून घेणार? त्याच लेखात पुढे होतं की दहा वर्षांनी अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के आणि बायपासवाल्यांत ७ टक्के. स्वित्झर्लंडच्या एसएम-बॉस अभ्यासातही तेच, पाच वर्षांत जळजळ वाढलेले स्लीव्हमध्ये ३१.८ टक्के, बायपासमध्ये ६.३. हे आकडे माझ्या डोळ्यांखालून गेले होते. आपल्याला हवं तेच वाचण्यात मी तरबेज आहे.

म्हणून बायपासवाले सुखात आहेत असं समजू नका. ताईकडे बघतो ना. तिला गोड चार घास जास्त झाले की अर्ध्या तासात घाम, धडधड, हातपाय गळणं. डंपिंग म्हणतात त्याला. लग्नाच्या हॉलमध्ये एकदा तिला दोन खुर्च्या जोडून आडवं करावं लागलं होतं. बी-१२ चं इंजेक्शन, कॅल्शियम, लोह, आयुष्यभर. (गोळ्या मलाही आहेत, पण तिचा डबा माझ्या दुप्पट.) दाढ काढली तेव्हा पॅरासिटामॉलवर रात्र काढली, दुसरं काही घ्यायची सोय नाही. पोटात कळ आली की आतड्याचा पीळ तर नसेल ना, ही धास्ती वेगळी, कारण बायपासनंतर आतडं आतल्या फटीत सरकून अडकू शकतं. पण ती आडवी झोपते. सपाट, एका उशीवर. मला हेवा वाटतो तो याचा.

एक शंका आणखी छळते, वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची. थांबलो असतो तर? टिर्झेपॅटाइडच्या मोठ्या चाचणीत सगळ्यात वरच्या डोसवर ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के वजन उतरलं. माझं ३० टक्क्यांच्या वर उतरलंय. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं, हेही छापून आलेलं आहे. तेव्हा ही शंका दिवसा टिकत नाही. रात्री दोनला ठोकळ्यांवरच्या पलंगावर बसलो की टिकते.

आता पुढे काय? स्लीव्हचा बायपास करता येतो, जळजळीवरचा तोच हुकमी उपाय मानतात. पण एकदा कापलेल्या, चिकटलेल्या पोटात दुसऱ्यांदा शिरण्यात जोखीम पहिल्यापेक्षा जास्त. सर्जन म्हणतात, औषधांवर आणखी सहा महिने काढू, पुन्हा एंडोस्कोपी करू, अन्ननलिकेचं अस्तर बदलायला लागलंय असं दिसलं तर मग विचार नको. बायको म्हणते आत्ताच करून टाक. मी रोज वेगळं म्हणतो.

निवडायच्या बेतात असाल तर जोड मोजू नका, आणि कुठली गोळी कधीपासून घेताय ते तिच्या नावासकट, वर्षासकट कागदावर लिहून न्या. जी घेताना विचारही करत नाही, ती आधी लिहा. एंडोस्कोपीच्या किती दिवस आधी ती थांबवायची, ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. बाकी सल्ला द्यायला मी कोण.

परवा ताईला लोह शिरेतून द्यावं लागलं, हिमोग्लोबिन पुन्हा खाली गेलं होतं. सलाईन लावलेल्या हाताचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "तुझे ठोकळे, माझी बाटली. बदलतोस का?"

अजून उत्तर दिलेलं नाही.