आठ्यांना बोटॉक्स, घडीला फिलर

मावसबहिणीच्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत. दिवाळी उरकली आणि बहिणीचा फोन आला, "ताई, चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसाठी इंजेक्शन घ्यायचंय. कॉलेज रोडचे डॉक्टर बोटॉक्स घ्या म्हणतात, गंगापूर रोडचे फिलर. ऐकू कोणाचं?" मी दोन्ही घेऊन बसलेय, म्हणून मला विचारणं.

म्हटलं, आधी आरशासमोर जा आणि आठ्या घाल. आता चेहरा सैल सोड. आठ्या मिटल्या? मग तो स्नायूंचा खेळ आहे, तिथे बोटॉक्स. गप्प बसलेली असतानाही नाकापासून ओठांच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी दिसतेच, तिथे भर लागते. ती फिलरची.

बोटॉक्स हे खरं तर ब्रँडचं नाव. आत असतं बोटुलिनम टॉक्सिन. ते नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही. भुवयांमधल्या आठ्यांसाठी त्याला अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेची, मान्यता मिळाली 2002 मध्ये. पाच टोचे, 20 युनिट. डिस्पोर्ट नावाच्या दुसऱ्या ब्रँडचे त्याच कामाला 50 लागतात, त्यामुळे नुसता युनिटचा भाव विचारून स्वस्त-महाग ठरवू नका. पूर्ण परिणाम यायला दोन आठवडे लागतात आणि तीन-चार महिन्यांत आठ्या परत हजर.

माझी पहिली वेळ फसली. एका ठिकाणी 'ऑफर' होती. बाई आतून भरलेलीच सिरिंज घेऊन आल्या, मीही काही विचारलं नाही. आठवड्याभरात डावी पापणी अर्धी उतरली. तीन आठवडे जो तो विचारी, झोप झाली नाही का? यावर उतारा नसतो, ओसरायची वाट बघायची. पुढच्या डॉक्टरांनी फ्रिजमधली बाटली काढली, तारीख दाखवली आणि माझ्यासमोर सलाइन घालून औषध तयार केलं. एवढं तरी बघाच.

फिलर म्हणजे बहुतेक वेळा हायल्युरोनिक ॲसिडची जेल. फरक खुर्चीवरून उठतानाच दिसतो, सूज आणि काळं-निळं मात्र काही दिवस राहतं. टिकतं सहा महिने ते दीड वर्ष. नाही आवडलं तर हायल्युरोनिडेज टोचून विरघळवता येतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण जेल रक्तवाहिनीत गेली तर कातडी मरते, क्वचित दृष्टीही जाते. त्वचा पांढरी पडली, फार दुखलं, अंधुक दिसलं, तर घरी जाऊन झोपायचं नाही, तडक डॉक्टर. म्हणून आधीच विचारा, "हायल्युरोनिडेज इथे ठेवता का?" उत्तर गुळमुळीत आलं तर पर्स उचला. पार्लरमध्ये तर दोन्ही नकोच.

गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू दुबळे करणारा आजार) असणाऱ्यांना बोटॉक्स वर्ज्य. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर दोन्हीकडे आधी सांगायचं.

बहिणीने व्हिडिओ कॉलवर आठ्या घालून दाखवल्या. सोडल्यावर कपाळ साफ. तिला बोटॉक्स, तेही जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे पापणी उतरलीच तर सावरायला महिना हाताशी. घडीचं लग्नानंतर बघू.