रेलिंगला चिकटायचं की कन्सोलजवळ थांबायचं?

कोल्हापुरात मोकळ्या मैदानावर चार-पाच इंडी बँड (मोठ्या कंपनीशिवाय स्वतःची गाणी करणारे) वाजणार असतील, तर जागा आधी ठरवा. स्टेजसमोरच्या रेलिंगपाशी गिटारवाल्याची बोटं दिसतात, ड्रमचा ठोका थेट छातीत बसतो. पण गायकाचे शब्द हरवतात, कारण तिथं सबवूफर (खर्जाचे स्पीकर) आणि स्टेजवरचे अँप्सच कानात घुमतात. कन्सोलजवळ, म्हणजे प्रेक्षकांमधल्या साउंड मिक्सिंगच्या टेबलापाशी, मिक्सिंग करणारा जे ऐकतो, जवळपास तेच आपल्याला मिळतं. नवा बँड ऐकायचा तर मी तिथंच थांबते. दोन बँडच्या मधे चहा-पाणीही उरकतं. आवडत्या बँडला मात्र पुढंच घुसायचं, नाद खुळा! तिथं चप्पल नको, बूट घाला. पाय तुडवले जातात. इअरप्लग दोन्हीकडे हवेतच. आणि रात्री १० नंतर सहसा लाउडस्पीकरला परवानगी नसते, तेव्हा पुढं जायचं ते वेळेत.