केप ब्रेटन की ॲपलाचिया: फिडल कुठल्या वळणाचं शिकावं?

फिडल म्हणजे व्हायोलिनच. हात थोडा बसलाय आणि आता नाचाच्या धुना वाजवायच्या आहेत, अशांपुढे दोन वाटा येतात: कॅनडातलं केप ब्रेटन बेट किंवा अमेरिकेतले ॲपलाचियाचे डोंगर. माझं सांगणं एकच: नुसत्या धुना ऐकून ठरवू नका, नाचणाऱ्यांचे पाय बघा.

केप ब्रेटनला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले गेलिक बोलणारे शेतकरी आले. मेंढ्या पाळण्यासाठी जमीनदारांनी त्यांतल्या कित्येकांना जमिनीवरून हुसकलं होतं. इथला खरा नाच घरातला: अंग ताठ, सगळं काम गुडघ्याखाली. अशा पायांना प्रत्येक स्वर वेगळा, ठसठशीत लागतो. म्हणून गज छोटा आणि करकरीत; एकाच स्वरावर गजाचे तीन झटपट झटके, त्याला ‘कट’ म्हणतात. आधी स्ट्रॅथस्पे, म्हणजे स्कॉटिश नाचाची रीलपेक्षा सावकाश धून, त्यात आखूड स्वरामागून लांब स्वराचा तो झटका. मग लय चढते आणि मध्ये श्वासही न घेता रील, म्हणजे जलद नाचाची धून, सुरू होते. एक धून एक-दोनदा झाली की लगेच पुढची, त्यामुळे पाठांतर अफाट. जोड्यांनी चौकोनात करायचे नाच, म्हणजे स्क्वेअर सेट, इथे शतक सरता सरता आले, पियानोची साथ त्याहून नंतर रुळली.

ॲपलाचियात स्कॉट्स-आयरिश (आयर्लंडच्या उत्तरेत वसलेल्या स्कॉट लोकांचे वंशज) आणि इंग्रज वसाहतकरी होते, पण तिथल्या संगीताचा अर्धा प्राण आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचा. बँजो त्यांचाच. फिडल आणि बँजो एकमेकांत असे गुंततात की ताल कोण धरतंय ते कळत नाही. एक जण हाळी देतो, जोड्या त्याप्रमाणे फिरतात आणि नाच संपेपर्यंत एकच धून घोळवत राहायची. कर्मठ ख्रिस्ती मंडळी फिडलला सैतानाची पेटी म्हणत. तिथे तरुण पोरं नुसती गाणी म्हणत फेर धरायची आणि त्याला नाच न म्हणता खेळ म्हणायची!

आपल्याकडचं व्हायोलिन शिकलेल्यांना मी आधी ॲपलाचियाच सुचवेन. तिथे कित्येक धुनांसाठी तारा ए-ई-ए-ई लावतात, म्हणजे चक्क सा-प-सा-प. (केप ब्रेटनच्या जुन्या वादकांतही ही जुळणी होती.) शिकणंही कानाने आणि एकच धून पुन्हापुन्हा आल्याने नवख्याला बैठकीत शिरता येतं. नोटेशन सराईतपणे वाचता येत असेल आणि उजव्या हाताची कठोर तालीम हवी असेल, तर केप ब्रेटन. तिथले वादक जुने स्कॉटिश संग्रह वाचून धुना बसवतात आणि 1938 मध्ये सुरू झालेल्या सेंट ॲन्सच्या गेलिक कॉलेजात ही परंपरा जपली जाते. ॲपलाचियासाठी व्हर्जिनियातल्या गॅलॅक्सचा फिडलवाद्यांचा मेळा, 1935 पासूनचा.

तरीही पाय अडत असेल तर एक करा. ‘लॉर्ड मॅकडोनाल्ड्स रील’ ही स्कॉटिश धून केप ब्रेटनच्या वादकाकडून ऐका, मग तीच ॲपलाचियात ‘लेदर ब्रिचेस’ या नावाने ऐका. दोन्ही वेळा डोळे मिटून फक्त गजाकडे कान ठेवा.