गायीच्या गर्भाशयातून प्राथमिक पेशी: तुकडे लावायचे की एन्झाइम वापरायचं?

प्राथमिक पेशी म्हणजे जनावराच्या ऊतीतून थेट काढून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी. गर्भाशयाच्या अस्तरातून वाढवायच्या अशा पेशी मुख्यतः दोन प्रकारच्या. वरच्या थराच्या आणि ग्रंथींच्या एपिथेलियल, आणि त्यांच्या खालच्या, आधार देणाऱ्या ऊतीतल्या स्ट्रोमल. यांतल्या कुठल्या हव्यात, हे आधी ठरवा. पद्धत त्यावरून ठरते.

तुकडे लावण्याची पद्धत दिसायला सोपी. अस्तराचे एक-दोन मिलिमीटरचे तुकडे प्लेटला चिकटवायचे आणि कडेने पेशी बाहेर येण्याची वाट बघायची. एन्झाइम नसल्यामुळे पेशींना इजा कमी होते आणि बायोप्सीचा इवलासा नमुनाही पुरतो. मात्र माध्यम (पेशींना पोसणारा द्रव) जरा जास्त झालं की तुकडा तरंगतो, आणि तरंगलेल्या तुकड्यातून काही निघत नाही. त्यात बरेच दिवस जातात आणि सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) असलेल्या माध्यमात स्ट्रोमल पेशी बघता बघता सगळी प्लेट व्यापतात. एपिथेलियल पेशी हव्या असतील तर मी ही पद्धत सुचवणार नाही.

एन्झाइमच्या पद्धतीत कोलॅजिनेझने, म्हणजे पेशींभोवतीचं कोलॅजेन तोडणाऱ्या एन्झाइमने, ऊती सुटी करतात. सोबत थोडं डीएनेझ (डीएनए तोडणारं एन्झाइम) हवंच, कारण मेलेल्या पेशींचा डीएनए चिकट होऊन सगळ्याचा गोळा करतो. खरी कमाल पुढच्या गाळणीत आहे. ४० मायक्रॉनच्या जाळीतून सुट्या स्ट्रोमल पेशी खाली उतरतात, एपिथेलियल पेशींचे पुंजके आणि ग्रंथींचे तुकडे वर राहतात. जाळी उलटी धरून ते धुऊन घ्यायचे. तरी थोडी सरमिसळ राहतेच. स्ट्रोमल पेशी साधारण १८ तासांत तळाला चिकटतात, एपिथेलियल पुंजके रेंगाळतात, म्हणून न चिकटलेला भाग नव्या प्लेटमध्ये हलवला की शुद्धता वाढते. सूक्ष्मदर्शकाखाली फरक लगेच कळतो: एकीकडे लांबट, चातीसारख्या पेशी, दुसरीकडे फरसबंदीसारखी दाट बेटं. डोळ्यांवर विसंबू नका, सायटोकेराटिन (एपिथेलियल पेशींची खूण असलेलं प्रथिन) आणि व्हिमेंटिन (स्ट्रोमल पेशींची खूण) दोन्ही रंगवून बघा. संवर्धनात एपिथेलियल पेशीही व्हिमेंटिन बनवू लागतात, म्हणून एकट्या व्हिमेंटिनवरून निष्कर्ष काढू नये.

प्रोस्टाग्लँडिनवर (गर्भाशयात बनणाऱ्या संप्रेरकासारख्या रेणूंवर) काम असेल तर शुद्धतेला पर्याय नाही. एपिथेलियल पेशी मुख्यतः एफ-२-अल्फा हा प्रकार बनवतात, स्ट्रोमल पेशी ई-२ हा. मिश्र प्लेटमधला आकडा कुणाचाच नसतो.

पद्धत कुठलीही घ्या, अंडाशयावरचा पीतपिंड (अंडं सुटल्यावर तिथे तयार होणारी गाठ) बघून गाय ऋतुचक्राच्या कुठल्या टप्प्यात होती ते लिहून ठेवा, नाहीतर दोन गायींच्या पेशींची तुलना फोल ठरते. इनक्युबेटर ३८.५ अंशांवर ठेवलं तर ते गायीच्या शरीराच्या तापमानाशी जुळतं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते बीव्हीडी (बोव्हाइन व्हायरल डायरिया) या गायींच्या रोगाच्या विषाणूकडे. तो ऊतीतून येतो तसा गोवंशीय सीरममधूनही येतो. त्याचे पेशी न मारणारे प्रकार संवर्धनात काहीच खूण दाखवत नाहीत; पेशी निरोगी दिसतात आणि प्रतिकारशक्तीशी निगडित जनुकांचे निकाल मात्र बिघडलेले असतात. म्हणून सीरमची बाटली आणि पेशींचा प्रत्येक नवा साठा, दोन्ही पीसीआरने (विषाणूचा जनुकीय अंश ओळखणाऱ्या चाचणीने) तपासूनच प्रयोगाला घ्या.